ई-बुकाचा बारा पस्तीसचा मुहूर्त

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. माझ्याआधी सलीमनं सांगितलं तर तो त्यात हत्ती आणि अंबारीसुद्धा घालेल. घोळ माझा आहे, तेव्हा सांगायचा पहिला हक्कही माझाच. आणि घोळ तरी कसला? 'आपलं म्हणणं समोरच्याला नेमकं कसं समजवावं' यावर ज्या माणसानं अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचं म्हणणं दोन तालुक्यांत एकालाही समजलं नाही. तो माणूस तुमच्यासमोर बसलाय.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत माझा व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास होता. खाली गिरणी सुरू झाली की वर सगळ्यांची व्यक्तिमत्त्वं पांढरी व्हायची, पण मी कधी डगमगलो नाही. आत्मविश्वास हा माझा लहानपणापासूनचा गुण. आई त्याला वेगळा शब्द वापरते, तो सोडा.

सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा सायबर कॅफे होता. तिथं बसून मी वाचलं, की बाहेरच्या देशांत लोक स्वतःच पुस्तक लिहितात, छापत बिलकूल नाहीत, आणि तरी विकतात. त्याला ई-बुक म्हणतात. प्रकाशक नको, कागद नको, घरबसल्या कमाई, वर स्वतःचा ब्रँड. मला वाटलं, हे माझ्यासाठीच निघालंय. लगेच बसलो आणि 'नेमका निरोप' लिहून काढलं. मग ज्यांचे ज्यांचे ई-मेल पत्ते ठाऊक होते त्या सगळ्यांना कळवलं, 'पुस्तक तयार आहे, मागणी नोंदवा.'

एक उत्तर आलं. सलीमचं, शेजारच्या कॉम्प्युटरवरून. 'मिळालं. चहा सांगू का?'

एवढ्यावर मी ते सोडूनही दिलं असतं. पण मध्ये कागल आलं.

कागलला मी मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचं नाव वैशाली, तिथल्याच एका पतसंस्थेत नोकरी. तिचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी तोलायची, आणि मधला फरक तेवढा खरा, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. माणसालाही ते तसंच तोलत.

"क्लास हाय ते कळलं," अण्णा म्हणाले. "पर संसार चालवाय आणि काय करतासा?"

"ई-बुकातून ब्रँड उभा करतोय."

"म्हंजे काय उभं करतासा?"

हा तर माझा हातखंडा विषय. मी सावरून बसलो. "अण्णा, पाकीट उघडायच्या आधी, नुसतं वरचं नाव बघून, आत काय आहे ते लोकांना कळलं पाहिजे. ते कळलं की ब्रँड उभा राहिला."

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं गाडीत उसाखाली दगड भरलेत की काय. मग म्हणाले, "पाडव्यापतूर उभा करून दावा. दावला तर सोयरीक, न्हायतर राम राम. तवर आमी दुसरं स्थळ बघत न्हाय. तुमी बी बघायचं न्हाय. शब्द?"

"शब्द," मी म्हणालो.

निघताना वैशालीनं एकच वाक्य टाकलं. "लोकास्नी बोलाय शिकवता म्हणं. मग मगाधरनं मला एक बी परश्न का इचारला न्हाईसा?"

मला ती तिथंच आवडली. स्पष्ट सांगतो, त्या दिवसापासून पुस्तक खपवायचं ते वाचकांसाठी नव्हे, कागलसाठी.

आता ई-मेल कोल्हापुरात कुणाकडं नव्हता, पण सीडी सगळ्यांना माहीत होती. सलीम म्हणाला, "भावा, सीडीवर घालूया. पयला धडा फुकट वाटायचा. आख्खं पुस्तक पायजे त्यानं प्रकाशनाला यायचं आणि पन्नास रुपयाला सीडी घ्यायची." कल्पना त्याची, पण मार्केटिंग माझं, हे इथं नमूद करून ठेवतो.

प्रकाशनाला हॉल बघायला गेलो, तर एका मंगल कार्यालयात कुणाचं तरी ठरलेलं लग्न मोडलं होतं. रिकामा दिवस अर्ध्या भाड्यात मिळाला. आईनं चौकशी केली, त्या लग्नाचा मुहूर्त कितीचा होता? दुपारी बारा पस्तीस.

"मग तीच येळ धर की," आई म्हणाली. "चांगला मुहूर्त वाया कशाला घालवायचा?"

निमंत्रण छापायला पत्रिकावाल्याकडं गेलो. त्याच्याकडं सोनेरी गणपतीची पाकिटं उरली होती, ती त्यानं स्वस्तात लावली. मजकूर मी सांगायला लागलो तर म्हणाला, "सर, साचा तयार हाय, मधलं तेवढं बदलूया." बदललं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून चि. सुभाष यांच्या पहिल्या ई-बुकाचे प्रकाशन योजिले आहे, तरी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे.' वाचायला किती भारदस्त वाटतं, नाही? मलाही वाटलं.

घरी पाकिटं आणली तर आईनं बसकण मारली. "नुसतं पाकीट टाकून कोण येतंय? हळदी-कुंकवाची बोटं लाव, अक्षता घाल, आणि दारात जाऊन त्वांडानं सांगाय पायजे. न्हायतर माणसं म्हणत्यात, आमास्नी बोलावणंच न्हाय."

मी विचार केला, यालाच तर स्थानिक बाजारपेठेचा अभ्यास म्हणतात. पुस्तकातल्या पाचव्या धड्यात मीच लिहिलं होतं, 'समोरच्याच्या भाषेत बोला.' रात्रभर... नाही, खोटं कशाला बोलू, दुपारभर बसून आम्ही सगळ्या पाकिटांत पहिल्या धड्याची सीडी घातली आणि वर हळदी-कुंकू लावलं.

एक पाकीट मात्र मुद्दाम केलं नाही. अण्णांचं. म्हटलं, आधी पुस्तकं खपू देत, मग ताठ मानेनं कागलला जाऊ.

पाहुण्यांची पाकिटं वाटायला आईनं कोडोलीहून मामांना बोलावलं. माझे मामा म्हणजे मोटारसायकलवरचं वादळ. आईनं त्यांच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "दादा, सुभाषचं कार्य हाय. एवढी पोच कर."

मामांनी वरचं पाकीट बघितलं. गणपती, हळदी-कुंकू, अक्षता, खाली कार्यालयाचं नाव. आणि त्यांचा चेहरा उतरला. का उतरला ते मला पुढं कळलं. सख्खा मामा, आणि भाच्याची सोयरीक ठरलेली त्याला पाकीट हातात आल्यावर कळते? पण आमच्याकडचा मामा रुसला तर भांडत नाही. तो गप्प होतो आणि दुप्पट काम करतो. मामा गप्प झाले आणि किक मारली.

तुम्ही म्हणाल, आतलं कार्ड वाचलं नाही का? तुम्ही कधी वाचलीय पत्रिका? खरं सांगा. तारीख बघायची, कार्यालय बघायचं, आणि जेवण किती वाजता सुटणार याचा अंदाज घ्यायचा. पत्रिका वाचतो तो एकच, छापणारा, आणि तोही चुका राहिल्यात का म्हणून.

तर मामा दारोदार जाऊन म्हणायचे, "आमच्या सुभ्याचं कार्य हाय, समद्यांनी यायचं." ऐकणारा विचारणारच, "बेस झालं. नवरी कुठली?" आता मामा झाला म्हणून मला माहीत नाही असं कसं सांगायचं? इज्जतीचा प्रश्न. पहिल्या घरात मामा म्हणाले, "पुण्याची हाय." दुसऱ्या घरात, "शिकल्याली हाय." वारणा नदीच्या काठानं फिरून गाडी कागलच्या पाहुण्यांकडं वळेपर्यंत नवरी पुण्याची, इंजिनिअर आणि एकुलती एक झाली होती.

आणि मला याचा पत्ता नाही! लोक रस्त्यात थांबवून हातात हात घ्यायचे. "सुभाषराव, उशिरा का हुईना, पर केलासा."

"होय, योग यावा लागतो," मी म्हणायचो.

कोडोलीहून आत्तीचा फोन आला. "सुभाष, पाकिटातली शीडी टीव्हीला लावली रं. काय दिसतच न्हाय."

"आत्ती, ती टीव्हीवर दिसत नाही. कॉम्प्युटरच लागतो."

"आसूंदे. आता कार्यालयातच बघू की."

"होय, तिथं निवांत बघायला मिळेल," मी म्हणालो. मार्केटिंग इतकं अंगात भिनलं होतं, की प्रत्येक फोननंतर मी सलीमला आणखी सीड्या काढायला सांगत होतो.

प्रकाशनाचा दिवस उजाडला. मी सूट घालून कार्यालयात पोचलो, तर दारात हलगी वाजतेय. हलगीवाले कोडोलीचे, मामांनी आणलेले. मला वाटलं, मामांना साहित्याची एवढी आवड? आत बघतो तर कार्यालय खचाखच भरलेलं. बायका जरीच्या साड्या नेसून, पुरुष कडक इस्त्रीत, आणि प्रत्येकाच्या काखेत काहीतरी बांधलेलं. मामांनी मला धरून फेटा बांधला. लेखकाचा सत्कार समजून मी मान ताठ ठेवली.

पुस्तकांच्या टेबलावरून सलीम पळत आला. त्याचे डोळे मोठे झाले होते. "भावा, नाद खुळा मार्केटिंग केलंयस तू. सीडी पन्नासची म्हणून सांगतोय, तर लोक एकावन्न देत्यात, एकशे एक देत्यात. आणि वर सीडी नको म्हणत्यात. एका बाईनं तर पातेलं दिलंय."

"पातेलं कशाला?"

"आता सुट्टे नसतील तिच्याकडं," सलीम म्हणाला. मला ते पटलं. त्या दिवशी मला काहीही पटत होतं.

स्टेजवर कार्यालयाच्या त्या दोन लाल मखमली खुर्च्या असतात ना, त्यांतल्या एकीवर मी बसलो. सगळं कार्यालय शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं टक लावून बघत होतं. बारा वाजून गेल्यावर प्रमुख पाहुणे आले. निवृत्त प्राध्यापक, टक्कल, जाड भिंगाचा चष्मा. ते येऊन माझ्या शेजारी बसले. हलगी थांबली. पहिल्या रांगेतून आत्तीचा आवाज आला, "ह्यो कोण रं?"

मामा स्टेजवर चढले आणि माझ्या कानाशी वाकले. "सुभ्या, पावणं कवा येणार? पुण्यासनं निघाल्यात न्हवं?"

"कुठले पाहुणे, मामा?"

"नवरीकडचं की."

मी मामांकडं बघितलं. मग टेबलावरच्या पातेल्याकडं बघितलं. मग समोर बसलेल्या आणि अक्षता मुठीत धरून तयार असलेल्या माझ्या समस्त गोतावळ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा आत्मविश्वास जागा सोडून उठला. मी मात्र खुर्चीतच होतो.

आणि नेमके त्याच वेळी दारात अण्णा उभे राहिले. मागं वैशाली.

कागलात बातमी पोचली होती. पुण्याची, इंजिनिअर, एकुलती एक. शब्द देऊन गेलेल्या माणसाचं लग्न दुसरीशी लागतंय म्हटल्यावर अण्णा काय घरी बसतात? जाब विचारायला ते पहिल्या गाडीनं आले होते. मी समजलो, कागल संपलं. पुस्तक, ब्रँड, पाडवा, सगळं गेलं तरी चाललं असतं, पण ती समोर उभी होती आणि तिच्या लेखी मी लबाड ठरलो होतो.

मामांनी मात्र काय बघितलं? दारात अनोळखी, चांगल्या घरची माणसं, सोबत लग्नाच्या वयाची मुलगी.

"आलं! पावणं आलं!" मामा गरजले आणि हलगी कडाडली.

दोघांनी अण्णांना दोन्ही बाजूंनी धरलं. एकानं नारळ दिला, मामांनी स्वतः फेटा गुंडाळायला घेतला. अण्णा ओरडून काहीतरी सांगत होते. हलगीत शब्द ऐकू येत नव्हते, पण चेहऱ्यावरून ते आशीर्वाद नव्हते. जितकं ते मान हलवत, तितका मामा फेटा घट्ट करत. इकडं आत्ती पुढं होऊन वैशालीला ओवाळायला लागली, आणि म्हणाली, "पुण्याची असून साडी नेसलीया, गुणाची हाय."

वैशाली आरतीच्या ताटाला वळसा घालून सरळ स्टेजवर आली. हलगी थांबली. एवढ्या शांततेत तिनं विचारलं, "लगीन कुणाचं हाय?"

"कुणाचंच नाही," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातला पहिला नेमका निरोप तो.

"मग ह्ये समदं काय?"

मी खिशातलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते आधी मनात वाचलं. मग माइक ओढला आणि मोठ्यानं वाचलं. श्रीकृपेकरूनपासून सहकुटुंब सहपरिवारपर्यंत. दोन तालुक्यांत ते कार्ड पुरतं वाचणारी ती पहिली.

कार्यालयात कुजबुज उठली. सगळ्यांच्या माना मामांकडं वळल्या.

"माझ्याकडं काय बघतासा?" मामा म्हणाले. "गणपती बघितला, हळदी-कुंकू बघितलं. मामानं पत्रिका वाचायची आसती व्हय कदी?"

"आणि पुण्याची नवरी?" आत्तीनं विचारलं.

मामांनी हलगीवाल्यांच्या मागं जागा शोधली.

वैशालीनं सीडी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "पुस्तक कशावर हाय म्हणं?"

"आपला निरोप समोरच्यापर्यंत नेमका कसा पोचवावा, यावर," मी सांगितलं. माइक चालू होता.

पहिल्यांदा ती हसली. मग प्राध्यापक हसले. मग कोडोली हसली आणि शेवटी कागलचे जे कोण पाहुणे होते तेही. फक्त अण्णा हसले नाहीत. अर्धा फेटा डोक्यावर, अर्धा खांद्यावर, असे ते चालत आले आणि माझ्यासमोर थांबले. मला आधी भरलेला बघितला, मग रिकामा बघितला. हिशेब करायला वेळ घेतला त्यांनी.

"माणूस लबाड न्हाय," अण्णा शेवटी माइक बाजूला सारून, आम्हा दोघांनाच ऐकू येईल असं वैशालीला म्हणाले. "येडा हाय. तुला चालंल का बघ."

"चालंल," ती म्हणाली. "पर पत्रिका मी लिवणार."

आता तुम्हाला वाटेल, संपलं, गोड झालं. थांबा की. चहा कुठं आलाय अजून?

त्या दिवशी जमलेल्या माणसांना आम्ही काय खायला दिलं? चिवडा आणि अर्धा-अर्धा पेढा. प्रकाशनाला तेवढंच असतं. पण मसालेभात-जिलेबीच्या आशेनं सकाळपासून उपाशी आलेल्या माणसाला चिवडा दिलात, तर तो तुम्हाला सात जन्म विसरत नाही. अहेर मामांनी दारोदार फिरून परत केले. लोकांनी पातेली परत घेतली, चिवडा मात्र लक्षात ठेवला.

वैशाखात आमचं लग्न ठरलं. तेच कार्यालय. पत्रिका वैशालीनं लिहिली, दोन ओळींची, चुकायला जागाच नाही. पाकिटावर गणपती, हळदी-कुंकवाची बोटं, आत अक्षता. वाटायला मामाच. या खेपेला ते प्रत्येक दारात ओरडून सांगत होते, "खरं लगीन हाय, खरं!"

लोक म्हणायचे, "व्हय व्हय. मागल्या बारीला बी तू आसंच म्हणालतास."

मुहूर्ताला मी बोहल्यावर उभा राहिलो आणि समोर बघितलं. पुढच्या दोन रांगा भरलेल्या, कागलच्या. मागं सगळ्या खुर्च्या मोकळ्या. स्वयंपाकघरात जिलेब्यांच्या पराती एकावर एक. मामांनी घाईघाईनं मोबाइलवरून कोडोलीला फोन लावला. आत्तीनं उचलला.

"निघालीस न्हवं? अक्षता पडाय आल्या."

आत्तीचा आवाज एवढा खणखणीत, की बोहल्यापर्यंत ऐकू आला. "कशाला येऊ? दुसरं पुस्तक काढलंय न्हवं त्यानं? परत चिवडा खायाला कोण येतंय?"

"आगं, पाकीट उघडून बघितलंस का तू?"

"उघडाय कशाला पायजे? वर सुभ्याचं नाव बघितलं, तवाच कळलं आत काय आसणार ते."

फोन ठेवल्यावर मामा हळूहळू कुणाच्या तरी मागं जायला लागले, पण मागं कुणी नव्हतंच. अंतरपाटाच्या पलीकडून हसू दाबल्याचा आवाज येत होता. आणि अण्णा माझ्याजवळ आले. त्यांनी फेटा नीट केला, मोकळ्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, तुमी बोललासा तवा मला पटलं नव्हतं. आज पटलं. पाकीट उघडलं न्हाय, नुसतं नाव बघितलं, आणि आत काय हाय ते दोन तालुक्यास्नी कळलं. ब्रँड उभा ऱ्हायला तुमचा. आता ह्या जिलब्या कोण खाणार, तेवढं सांगा."